दहावी ढेप

आमच्या हुपरीकरांच्या घराण्यात पुरुषाच्या अंगाला तूप लागत नाही, असं सांगायची पद्धत होती. सांगताना आवाज जरा खाली आणायचा, घरातल्या कुणाला पदक मिळालेलं असलं की आणतात तसा. माझे आजोबा रोज वाटीभर तूप खात आणि शेवटपर्यंत त्यांच्या बरगड्या लांबूनही मोजता येत. त्यांचा शेवट पंचावन्नाव्या वर्षी झाला. काकांचा एक्कावन्नाव्या. वडील चौपन्नाव्या वर्षी सकाळी दाढी करताना गेले, डावा गाल झाला होता आणि उजवा राहिला. तिघांच्याही वेळी गल्लीतली माणसं म्हणाली, एवढा काटक माणूस, दृष्ट लागली.

याच घरातल्या बायका अंगानं भरलेल्या. आजी एक्याण्णव वर्षांची होऊन गेली, आत्या अठ्ठ्याऐंशीची आणि आई दोन वर्षांपूर्वी पंच्याऐंशीची. त्यांना कधी कुणी काटक म्हटलं नाही, म्हणून त्यांना दृष्ट लागली नसावी.

मी कोल्हापुरात एका कॉमर्स कॉलेजात सव्वीस वर्षं सांख्यिकी शिकवतो. सहा माणसांचा हा तक्ता रोज माझ्या ताटाभोवती बसलेला होता आणि मला त्यात काही दिसलं नाही. विद्यार्थ्यांना मी सांगतो की सहाचा नमुना फार लहान असतो, त्यावरून निष्कर्ष काढू नये. हे खरं आहे. मरायला मात्र तो पुरतो.

थरदर्शक आला तेव्हा मी नुकता पन्नाशी ओलांडून बसलो होतो. दिसायला तो जुन्या वजनकाट्यासारखाच होता, खाली पाट आणि समोर पडदा. पाटावर उभं राहायचं, दोन्ही हात वर दांडीला धरायचे आणि नऊ सेकंद श्वास रोखायचा. तेवढ्या वेळात अगदी सौम्य रेडिओलहरी अंगातून आरपार जातात. स्नायू, पाणी आणि चरबी त्यांना वेगवेगळं उत्तर देतात आणि त्या उत्तरांवरून यंत्र तुमचं थराथरानं चित्र काढतं. कातडीखालची चरबी पिवळी दिसते. आतड्यांभोवतीची, यकृतातली, हृदयाला चिकटलेली चरबी तांबडी दिसते. चित्राखाली एक आकडा येतो: तुमच्या वयाच्या आणि तुमच्यासारखे थर असलेल्या शंभर माणसांपैकी किती जण पुढची दहा वर्षं पार करणार नाहीत.

वजन कुठंच येत नाही. कारण वजनाला तसा फारसा अर्थ नव्हता, हे तोवर नीट कळून चुकलं होतं. चरबी किती आहे यापेक्षा ती राहते कुठं, हे महत्त्वाचं निघालं. म्हणजे माणसाचं जसं आपण बघतो तसंच.

दोन वर्षांत बाजार उलटला. लग्नाच्या जाहिरातींतला ‘शिडशिडीत बांधा’ नाहीसा झाला आणि ‘कंबरेखाली समाधानकारक’ असा मजकूर येऊ लागला. व्यायामशाळांनी पोट कमी करण्याच्या पाट्या उतरवून मांड्या भरून देण्याच्या लावल्या. बारीक माणसाकडे पंगतीत लोक सांत्वनाला आल्यासारखे बघू लागले. नुसती ढेरी असलेल्यांची सुटका झाली नाही ती नाहीच. त्यांना पूर्वी सुटलेले म्हणत, आता ज्वालाग्राही म्हणू लागले.

मी एकसष्ट किलोचा. पोटाशी जरासा गोलवा, शर्ट बाहेर सोडला की दिसत नाही असा. कॉलेजात सक्तीची तपासणी झाली तेव्हा मी रांगेत सगळ्यात पुढं उभा राहिलो. पडद्यावर एक बारीक माणूस उमटला आणि त्याच्या पोटात कुणीतरी शेगडी पेटवून ठेवली होती. माझ्या वयाची सरासरी शंभरात आठ होती. माझा आकडा एकोणतीस आला. रांगेत माझ्या मागं उभे असलेले ग्रंथपाल मला म्हणाले, तुम्ही पुढं गेलात ते बरं झालं, आता माझा काहीही आला तरी मला वाईट वाटणार नाही.

डॉक्टर शहनाज मुजावर यांच्याकडे मी ते चित्र घेऊन गेलो. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी माझ्या घरात कोण काय करतं ते विचारलं. बहिणीच्या यजमानांचं गडहिंग्लजला गुळाचं दुकान आहे हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं, कारण समजावणं सोपं झालं.

“चरबी हा माल आहे, सर,” त्या म्हणाल्या. “खाल्लेलं जास्तीचं शरीर टाकून देत नाही, साठवतं. साठवायचं खरं गोदाम कातडीखाली, त्यातही कंबरेखाली. तिथल्या पेशी माल घेतात, दार लावतात, लागेल तसा थोडा थोडा बाहेर सोडतात. ज्याचं गोदाम मोठं, त्याचा माल सुखरूप. ज्याचं जन्मतःच लहान, त्याचा माल जिन्यात, ओसरीवर, देवघरात. शरीरातलं देवघर म्हणजे यकृत.”

“माझं गोदाम केवढं आहे?”

“काडेपेटी बघितली आहे ना?”

म्हणजे तूप हुपरीकरांच्या अंगाला लागतच होतं. फक्त बाहेरून दिसेल अशा जागी लागत नव्हतं.

आठ महिने मी डॉक्टर सांगतील ते केलं. पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या, साखर बंद, भात चमच्यानं, आठवड्याला एक इंजेक्शन. आकडा एकोणतीसवरून तेवीसवर आला आणि तिथं पाय रोवून उभा राहिला. डॉक्टर म्हणाल्या, फेऱ्या सोडू नका, त्यांचा उपयोग आहेच. पण माल कमी करता येतो, तुमच्यात नवं गोदाम बांधता येत नाही. बांधलेलं आणून बसवता येतं.

याला मेदरोपण म्हणतात. निरोगी माणसाच्या मांडीतून कातडीखालची दीड किलो चरबी काढायची, तीन आठवडे प्रयोगशाळेत जाळीवर वाढवून तिच्यात रक्तवाहिन्या रुजवायच्या आणि मग ती दुसऱ्याच्या कंबरेखाली लावायची. ती तिथं जिवंत राहते आणि हळूहळू रक्तातला फिरता माल आत ओढून घेते. जिना मोकळा होतो. अट एकच. पेशी सख्ख्या भावंडाच्या हव्यात आणि जुळायला हव्यात. जुळण्याची शक्यता चारात एक.

“भावंडं किती?”

“एक बहीण. थोरली.”

“कशी आहे?”

“जाड,” मी म्हणालो. विचार करून नव्हे. ताईबद्दल कुणी विचारलं की चाळीस वर्षं तोंडातून हाच शब्द पहिला येत होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “जाड म्हणजे कुठं? सगळेच जाड सुखरूप असतात, हे वर्तमानपत्रवाल्यांचं म्हणणं आहे, माझं नाही.”

मी हातांनी दाखवलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मला त्या दिवशी प्रथमच थोडी आशा दिसली.

आता ताईबद्दल सांगायला हवं. वैजयंती तिचं नाव, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गडहिंग्लजला शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली आणि आता दुकानात बसते. आणि माझ्याबद्दलही एक सांगायला हवं. सत्कार, साठी, निवृत्ती, काहीही असलं की आमच्याकडे माईक माझ्या हातात येतो. लोकांना हसवतो अशी माझी ख्याती आहे. हसवण्याच्या सामग्रीत ताईवरचे अकरा विनोद होते. रिक्षा कलते तो, प्लास्टिकच्या खुर्चीचा, पोहायला उतरली आणि तळं रिकामं झालं तो. ते कुठंही चालत, ताई समोर असली की जास्तच.

चार वर्षांपूर्वी दाजींनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, तिच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला गूळतुला केली. लाकडी मोठा तराजू आणला, एका पारड्यात ताई बसणार, दुसऱ्यात दहा दहा किलोच्या ढेपा, आणि तेवढा गूळ शाळेतल्या मुलांना. निवेदन अर्थात माझं. मी आठ ढेपा मांडायला सांगितल्या. ताईचं पारडं हललं नाही. नववी ठेवली, तरी हललं नाही. मी माईकमधून म्हणालो, “दाजी, दुकान उघडा. माल कमी पडतोय.” तीनशे माणसं होती. मंडपाच्या मागं स्वयंपाक करणारे आचारीसुद्धा बाहेर येऊन हसले. मग दहावी ढेप आली आणि ताई जमिनीवरून वर उचलली गेली. ताईही हसली होती. तो पुरावा मी चार वर्षं जपून ठेवला होता.

डॉक्टरांकडून आल्यावर मी नूतनला, माझ्या बायकोला, म्हणालो की ताईला विचारावं लागेल. नूतन भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “ताईंनी चार वर्षांत तुमच्यासमोर घास खाल्लेला नाही. लक्षात आलंय का?”

काहीतरीच काय, असं मी म्हणणार होतो. मग मोजलं, कारण मला तेवढंच येतं. तीन दिवाळ्या: एकदा उपास, एकदा पोट बरं नाही, एकदा आत्ताच जेवून आले. आमच्या मुलीचं लग्न: ती वाढत होती. आईचा तेरावा: ती सगळ्यांना वाढत होती, मागून स्वयंपाकघरात दार लोटून बसली. असे एकूण नऊ प्रसंग निघाले आणि नऊ नकार. सांख्यिकीत याला योगायोग म्हणत नाहीत.

गडहिंग्लजला मी एसटीनं गेलो. आता या गाड्या विजेवर चालतात, आवाज करत नाहीत, त्यामुळे माणसाला विचार करायला नको तेवढी शांतता मिळते. मी माफीचं भाषण तयार केलं. चांगलं होतं. सुरुवातीला थोडा विनोद होता, तो निपाणीच्या अलीकडे काढून टाकला.

ताई दुकानात मागच्या बाजूला अडकित्त्यासारख्या हत्यारानं गुळाचे खडे करत बसली होती. दाजींनी चहा सांगितला. मी खुर्ची ओढली आणि घसा साफ केला.

“नूतनचा फोन आलता,” ताई म्हणाली. “किती पाहिजे?”

“दीड किलो.”

“एवढंच?” तिनं हात थांबवला नाही. “सुटा देऊ का बांधून?”

दाजी कप तोंडाला लावून रस्त्यावर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते.

मी म्हणालो, ताई, त्या दिवशी तुलेच्या वेळी मी जे बोललो त्याबद्दल. ती मला मध्येच अडवून म्हणाली, “मला माझं वजन ठाऊक होतं, मक्या. चौऱ्याण्णव. आदल्या दिवशी दुकानच्या काट्यावर बघून आले होते. यांनी दहा ढेपा मोजून कापडाखाली झाकून ठेवल्या होत्या. तुलाही सांगितलं होतं. तूच आठ मांडायला लावल्यास.”

“हो,” मी म्हणालो. या एका शब्दाला चार वर्षं लागली होती.

“सगळी हसली. मी पण हसले, नाहीतर काय करणार, पारड्यात बसलेली. पहिल्या रांगेत आई होती. ती हसली नाही.”

भाषणात यापुढं काय होतं ते मला आठवेना. ताईनं एक खडा उचलून नाकाशी धरला, बाजूला ठेवला.

“माझ्यावर विनोद करू नकोस असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “तुला दुसरं काही येत नाही. पण एक अट हाय. मी जेवत असेन तेव्हा तू समोर बसायचं, आणि गप्प बसायचं. कधी ते मी सांगीन.”

मी कबूल केलं. मग ती म्हणाली, तुझे डोळे बाबांसारखे आत गेल्यात, आणि उठून आत गेली. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज आला. दाजी म्हणाले, आज भांडी घासायला बाई येऊन गेली आहे, पण असू दे.

रक्ताची तपासणी तिनं गडहिंग्लजलाच करून घेतली. चारात एक शक्यता होती. पेशी जुळल्या, सगळ्याच्या सगळ्या. मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो आहे की पंचवीस टक्के ही काही फार मोठी संभाव्यता नव्हे. त्या दिवशी मी कॉलेजात पेढे वाटले. कारण विचारलं तेव्हा म्हणालो, पंचवीस टक्के मिळाले.

आता ताईला फक्त थरदर्शकावर उभं राहायचं होतं, तिचे थर निरोगी आहेत की नाहीत ते बघायला. यात अडचण येईल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

दवाखान्यातला थरदर्शक मोठ्या दालनात होता. पडदा भिंतीत बसवलेला, समोर बाकं, बाकांवर नंबर लावून बसलेली पंधरावीस माणसं. कुणाच्या आत काय आहे ते सगळ्यांना दिसावं, अशी ही रचना ज्यानं केली तो बहुधा बांधकाम खात्यातून आलेला असावा. यंत्र चालवायला कांबळे नावाचे निवृत्तीला आलेले गृहस्थ होते.

ताई पाटापर्यंत आली. पाटाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, वळून बाकांकडे बघितलं.

“मी याच्यावर चढणार नाही.”

कांबळे म्हणाले, ताई, हे वजन करत नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पडदा फिरवता येईल का, असं दाजींनी विचारलं. भिंत फिरवावी लागेल, कांबळे म्हणाले. मग मी काहीतरी समजावायला लागलो, तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, “पाट हाय. समोर माणसं बसल्यात. आणि तू हाईस. मांडी काप म्हणालास तर आत्ता देते, मक्या. पण मी चढणार नाही.”

मांडीतून दीड किलो काढून द्यायला एका शब्दात तयार झालेली बाई चार इंच उंचीच्या पाटाला घाबरत होती. तो पाट मीच तयार केला होता, आणि त्याला दहा ढेपा लागल्या होत्या.

मी बूट काढले आणि पाटावर चढलो. दांडीला हात धरले. कांबळ्यांनी माझ्याकडे आणि मग डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी मान हलवली. पडद्यावर माझी शेगडी पेटली. हे यंत्र बोलतं, आणि एखाद्या वृत्तनिवेदिकेच्या आवाजात, दालनभर ऐकू जाईल असं बोलतं. बाह्य थर, अपुरा. अंतर्गत थर, अतिरिक्त. नितंब, नगण्य.

बाकावरचे एक आजोबा हसले, आणि मग सगळेच. मी हात वर करून उभा. लोकांपुढं उभं राहिल्यावर हशा ऐकू येतो तेव्हा कसं वाटतं हे मला तीस वर्षं ठाऊक आहे, असा माझा समज होता. तो हातात माईक असतानाचा अनुभव होता. हात वर बांधलेले असताना नऊ सेकंद बरेच लांब असतात.

यंत्र थांबलं. मी कांबळ्यांना म्हणालो, पुन्हा लावा. ते पुन्हा लागलं. नितंब, नगण्य. या वेळी एक लहान बाळ घेतलेली बाईसुद्धा हसली. मी तिसऱ्यांदा लावा म्हणालो.

“बास,” ताई म्हणाली. “उतर खाली. घराण्याचं नाव काढलंस तेवढं पुरे.” आणि चपला काढून, पदर खोचून ती वर चढली.

पडदा पिवळा झाला. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत एकसारखा, दाट, स्वच्छ पिवळा. पोटात एखाददुसरी तांबडी ठिणगी, यकृत तर कोऱ्या कागदासारखं. बाकांवर कुणी हसलं नाही. कांबळे खुर्चीतून उठून उभे राहिले.

“काय झालं?” ताईनं घाबरून विचारलं.

“काही नाही, ताई,” कांबळे म्हणाले. “दिवसभर तांबडं बघतोय. जरा बघू द्या.”

आकडा आला. तिच्या वयाची सरासरी शंभरात अकरा होती. ताईचा आकडा चार होता. डॉक्टरांनी सांगितलं की हे रोज दुकानातून दाजींच्या शेतापर्यंत चालत जाण्यायेण्याचंही श्रेय आहे, आईकडून आलेल्या पेशींचंही आहे, आणि आकडा म्हणजे वचन नव्हे. ताईला त्यातलं काही ऐकू गेलं नसावं.

“म्हणजे चांगलं हाय?”

“फार चांगलं.”

“आणि हे मांड्यांचं?”

“त्यांच्यामुळंच चांगलं.”

ती पाटावरून उतरून बाकावर जाऊन बसली. त्या आजोबांनी सरकून जागा दिली, बरीच दिली. ती काही वेळ स्वतःच्या मांड्यांकडे बघत राहिली, मग त्यांच्यावर दोन्ही हात ठेवले, शेजारी कुणी मूल बसलेलं असावं तसे. कोबीचं पाणी, लिंबू-मध, सात दिवसांचं केळ्याचं व्रत, पहाटे दोरीवरच्या उड्या, बाबा जेवताना तिच्या ताटातला भात काढून घेत ते, हे सगळं मी पाहिलेलं होतं.

“चाळीस वर्षं मी हे घालवायला बघत होते,” ती म्हणाली.

मी म्हणालो, “घालवलं असतंस तर.” पुढचं वाक्य मला पूर्ण करता आलं नाही. बोलण्यात अडखळलेला मी तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तिनं पर्समधून रुमाल काढून दिला. त्याला गुळाचा वास होता.

जाताना तिनं कांबळ्यांकडे चित्राची एक प्रत मागितली. मग आणखी एक मागितली. गडहिंग्लजच्या दुकानात गूळतुलेचा फोटो लावलेला आहे, त्याच्या शेजारी आता लॅमिनेशन केलेलं ते पिवळं चित्र आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हा कुठला नकाशा. भूगोलाची बाई असल्यामुळे तिला ते शोभतं. ती सांगते, सुपीक प्रदेश आहे.

शस्त्रक्रियेत सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. ताई तिसऱ्या दिवशी चालू लागली. तीन आठवड्यांनी माझी वेळ आली. शुद्धीवर आलो तेव्हा पालथा होतो आणि शेजारी ताई खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होती. म्हणाली, दिलेला माल परत घेतला जाणार नाही. दवाखान्यातल्या दोन्ही मुक्कामांत तिचं जेवण पडद्याआड झालं. अट कधी लागू करायची ते ती सांगणार होती, आणि तिनं अजून सांगितलं नव्हतं.

माझ्या आयुष्यात बसणं ही क्रिया तोवर हाडं आणि लाकूड यांच्यातला व्यवहार होती. आता मी जिथं बसतो तिथं थोडा उबदार, मऊ आधार असतो. वर्गात, सभेत, एसटीत. कुणाला सांगता येत नाही, पण दिवसातून पंधरावीस वेळा मी खाली बसतो आणि दर वेळी मला बहिणीची आठवण येते. पंच्याऐंशी वर्षं जगलेल्या आईचीही येते, कारण माल मूळचा तिच्याकडचा.

शेगडी विझायला वर्ष लागलं. तेवीसचे अठरा, अठराचे चौदा, मग अकरा. रंकाळ्याच्या फेऱ्या चालू आहेत. कॉलेजातले ग्रंथपाल आता माझ्याशी थोडे तुटक वागतात.

मी सांख्यिकीचा माणूस, म्हणून एक दिवस वहीत आधीच काढून ठेवला होता. वडील चौपन्न वर्षं, दोन महिने आणि अकरा दिवस जगले. बारावा दिवस फाल्गुनात आला, एका मंगळवारी. सकाळी आरशासमोर उभा राहून मी डावा गाल केला. थोडा थांबलो. आतून नूतन म्हणाली, नळ चालू राहिलाय. मग मी उजवा गाल केला, सावकाश, कानापर्यंत. तोंड धुतलं, पुसलं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या.

तेवढ्यात ताईचा फोन आला. तिनंही तो दिवस मोजून ठेवला होता, हे मला तोवर माहीत नव्हतं.

“ये आज,” ती म्हणाली. “मी जेवायला बसणार हाय.”

दुपारी बारा वाजता मी तिच्या स्वयंपाकघरात होतो. टेबलाशी तिची खुर्ची आणि समोर माझी. दाजी मुद्दाम दुकानात थांबले होते. ताट तिचं एकटीचं होतं. माझं ताट नंतर मिळणार होतं, अटीत तसं काही नव्हतं पण मी विचारलं नाही. गरम चपात्या, वांग्याची भाजी, वाटीत काकवी, म्हणजे गुऱ्हाळावरचा पातळ गूळ, आणि तुपाची तांब्याएवढी लोटी.

तिनं पहिला घास मोडला आणि माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं. तिनं तो खाल्ला.

पहिली चपाती तिनं परीक्षेला बसल्यासारखी खाल्ली. दुसरी काकवीत बुडवून, बोटं चाटत. मधेच तिनं डोळे मिटले. लहानपणी ती अशीच जेवायची, डोळे मिटून, आणि मी सहा वर्षांचा असताना तिची तशी नक्कल केली होती आणि सगळं घर हसलं होतं. तो बहुधा माझा पहिला कार्यक्रम. बाहेर दुकानात दाजी कुणाला तरी भाव सांगत होते. तिसरी चपाती तिनं अगदी आरामात खाल्ली, पाठ टेकून. मी गप्प बसलो होतो, तिनंच दिलेल्या जागेवर बसलो होतो, आणि मला तिथून उठावंसं वाटत नव्हतं.

तिनं ताटावरून मान वर केली.

“बोल की आता एखादा,” ती म्हणाली. “आज परवानगी हाय.”

मी शोधला. अकराच्या अकरा विनोद जागेवर होते, रिक्षा, खुर्ची, तळं. एकेक उचलून बघितला.

“सुचत नाही, ताई.”

“खरंच?”

“खरंच.”

“मग वाढ,” ती म्हणाली आणि ताट पुढं केलं. “आणि तूप घालताना हात आखडू नकोस. माझ्या अंगाला लागतं.”